ठाण्याचे इस्पितळ, एक मुळी आणि एक क्षार

१९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय उभे राहिले. त्याला नरोत्तमदास माधवदास यांचे नाव दिले गेले. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही मराठी बोलीतली निर्दय थट्टा तिथूनच आली. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे इस्पितळ आपल्याच जिल्ह्यातले होते. परंतु १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’नुसार तिथे पोहोचण्याची सर्वसाधारण वाट दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावरून जात असे. आत गेल्यावर गुंगीची औषधे मिळत, आणि झटका ओसरण्याची वाट पाहिली जाई.

दोनच वर्षांपूर्वी, १८९९ मध्ये, जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी मनोविकारांचे दोन मोठे गट वेगळे केले होते. एकात बुद्धी क्रमाने खालावत जाते. दुसऱ्यात उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात, पण मधल्या काळात माणूस पूर्ववत होतो. आजचा बायपोलर विकार या दुसऱ्या गटातला. असे का होते, हे मात्र क्रेपेलिन यांना सांगता येत नव्हते.

उत्तराचे पहिले धागे १९४९ मध्ये हाती आले, तेही एकाच वर्षी दोन दूरच्या शहरांत.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला. सर्पगंधा ही कोकण-सह्याद्रीच्या दमट रानांतही आढळणारी वनस्पती. तिची मुळी वेडावर गुणकारी असल्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते; जगाने लक्ष दिले ते वकिलांच्या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून ‘रिसर्पिन’ वेगळे काढले गेले. मग कळले की ते मेंदूतील सेरोटोनिन आणि डोपामिनचे साठे रिकामे करते. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदीही आल्या. त्या नोंदींवर पुढे बराच वाद झाला, तरी मनःस्थितीला रसायनाचा आधार असतो ही कल्पना रुजली ती बव्हंशी या मुळीमुळे.

दुसरे शहर मेलबर्न. जपान्यांच्या युद्धकैदेतून परतलेले डॉ. जॉन केड यांनी लिथियमचा क्षार आधी गिनिपिगांना आणि मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिला. उन्माद शमला. पण त्यांचा पहिलाच रुग्ण १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. औषध आणि विष यांतले अंतर इतके थोडे होते. आजही रक्तातील पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल राखावी लागते. दीडच्या पुढे धोका सुरू होतो. म्हणून या गोळीबरोबर नियमित रक्तचाचणी आलीच.

क्रेपेलिन यांचे निदान एका बाबतीत अपुरे ठरले. झटके नसतानाही अनेक रुग्णांचे अवधान, शब्दस्मृती आणि नियोजनशक्ती काहीशी उणी राहते, असे आधुनिक चाचण्यांत दिसते. गोळीची वेळ आणि तपासणीची तारीख सांभाळायची ती याच स्मृतीने.

शहापूर-मुरबाडमध्ये या क्षाराला आणखी एक अडचण भेटते. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखेच वागवते. घामावाटे पाणी आणि मीठ गेले की शरीर मीठ धरून ठेवते, त्यासोबत लिथियमही, आणि रक्तातली पातळी चढते. पावसाळा सरला की इथली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, ती उन्हाळा संपता संपता परततात. त्यांच्यातील कुणी ही गोळी घेत असेल, तर ज्या महिन्यांत रक्त तपासण्याची निकड सर्वाधिक, नेमक्या त्याच महिन्यांत तो आपल्या गावात नसतो.