घरच्या गाडी-शेडमध्ये भिंतीवरचा प्रेशर वॉशर : घेण्याआधी काय बघायचं, कसा बसवायचा

करजगी (ता. अफझलपूर, जि. कलबुर्गी) : आपल्याकडं 'गॅरेज' म्हटलं की मिस्त्रीचं दुकानच डोळ्यासमोर येतं. घरची गाडी उभी असते ती पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर घराला लागून काढलेल्या छपरीत. गाडीला, ट्रॅक्टरला काळ्या मातीचा चिखल चिकटून वाळला की साध्या पाइपच्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून आता अनेक घरांत प्रेशर वॉशर येऊ लागलाय. जमिनीवर ठेवलेलं मशीन पाण्यात भिजतं, त्याची वायर उंदीर कुरतडतात, पाइप पायात येतो. भिंतीवर बसवलं की हे त्रास कमी होतात आणि मशीन लहान मुलांच्या हाताबाहेर राहतं.

मात्र दुकानात गेल्यावर सगळी चर्चा 'किती बार'वरच होते. सीमाभागातल्या घरांसाठी दाब ही शेवटची गोष्ट आहे. आधी बघायच्या त्या तीन गोष्टी : पाणी, भिंत आणि अर्थिंग. यातली तिसरी चुकली तर प्रश्न जिवाचा आहे.

पाणी किती लागतं?

घरगुती मशीन मिनिटाला साधारण ५ ते ८ लिटर पाणी फेकतं. ६ लिटरचं मशीन धरलं आणि बंदुकीचा घोडा एकूण १० मिनिटं दाबला, तर एका गाडीला ६० लिटर पाणी झालं. उघडा पाइप मिनिटाला १५ लिटर सोडत असेल आणि तो १५ मिनिटं चालला, तर २२५ लिटर जातात. म्हणजे पाइपच्या मानानं मशीन पाणी वाचवतं, हे खरं. पण १५ लिटरच्या तीन बादल्या आणि फडकं घेतलं तर ४५ लिटरमध्ये काम होतं. बादलीपेक्षा मशीन काटकसरीचं नाही, हे आधीच ध्यानात घ्यावं.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरलंय. एक गाडी मशीननं धुणं म्हणजे एका माणसाचं दिवसाचं पाणी. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बंगळुरूत २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. तेव्हा नुसती धूळ असेल तर बादली, आणि चिखल, शेण, उसाच्या ट्रॉलीचा चिकटा असेल तर मशीन, अशी वाटणी केलेली बरी.

मशीन घेण्याआधी ही चाचणी करा

ज्या नळाला मशीन जोडायचंय, त्याखाली १० लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. बादली एका मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर पाणी मिळतंय, म्हणजे ६-७ लिटरच्या मशीनला पुरेसं आहे. दोन मिनिटं लागली तर ५ लिटरच मिळतंय. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो, खडखड आवाज येतो, धार तुटक येते आणि पंपाचे सील लवकर जातात. अनेकदा मशीनला दोष दिला जातो, पण खरी अडचण अर्ध्या इंची पाइपात असते.

छतावरच्या टाकीपासून पाणी घेत असाल तर दर एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकी तीन मीटर वर असली तरी दाब ०.३ बारच. काही मशीनना नळाचा ठरावीक दाब लागतो, काही टाकीतलं पाणी स्वतः ओढून घेतात. दुकानदाराला थेट विचारा, "हे मशीन ड्रममधून पाणी ओढतं का?" आणि माहितीपुस्तिकेत तसं लिहिलंय का, ते बघून घ्या.

इथं भिंतीवर बसवण्याची एक अडचण आहे. मशीन साडेतीन फुटांवर आणि पाण्याचा ड्रम जमिनीवर असेल, तर पाणी खालून वर ओढावं लागतं. त्यासाठी ड्रमला विटांचा चौथरा करावा आणि ड्रमची तोटी मशीनच्या पाणी घ्यायच्या तोंडापेक्षा वर राहील असं बघावं. २०० लिटरचा ड्रम भरला की दोन क्विंटल वजन होतं, म्हणून चौथरा पक्काच हवा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बहुतेक घरगुती मशीनना ४० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. कलबुर्गी, सोलापूर, बिदरच्या उन्हात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी त्याच्या वर जाऊ शकतं. हाताला चटका बसतोय असं पाणी पंपाला देऊ नका. एप्रिल-मेमध्ये धुणं सकाळीच उरकावं.

नळाच्या लाइनवर पाणी थेट जोडू नये. मध्ये ड्रम ठेवावा, किंवा उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तरी बसवावा. नाहीतर पुरवठा बंद झाल्यावर साबणाचं पाणी पिण्याच्या लाइनीत ओढलं जाण्याचा धोका असतो. मशीनच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर हवाच. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती पंप खाऊन टाकते. फिल्टरनं गाळ अडतो, क्षार अडत नाहीत. क्षारांचे पांढरे डाग काचेवर नको असतील तर गाडी उन्हात वाळू न देता लगेच पुसावी.

भिंत कोणती आहे?

कार्बन ब्रशची मोटर असलेली मशीन हलकी असतात, पण आवाज जास्त करतात. इंडक्शन मोटरची मशीन शांत आणि टिकाऊ असतात, पण चांगलीच जड असतात. शिवाय नुसत्या मशीनचं वजन धरून चालत नाही. पाण्यानं भरलेला पाइप, त्याची गुंडाळी आणि लांब गेलेला माणूस पाइपला देतो तो हिसका, हा सगळा भार त्या चार बोल्टांवर येतो. म्हणून ब्रॅकेट मशीनच्या वजनाच्या किमान तिप्पट भार पेलणारं घ्यावं.

आरसीसी कॉलम किंवा पक्क्या विटांची, सिमेंटमध्ये बांधलेली भिंत असेल तर १० मिलिमीटरचे अँकर फास्टनर पुरतात. छिद्र विटेत पाडावं, दोन विटांच्या सांध्यात नको. पोकळ सिमेंट ब्लॉक असेल तर साधा फास्टनर आत फिरत राहतो. तिथं भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी लावावी.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि मातीत रचलेल्या असतात. त्या जाड दिसतात, पण ड्रिलच्या हादऱ्यानं आतली माती सुटते. बिदरकडच्या जांभ्या दगडातही छिद्राची कड ठिसूळ होऊन बोल्ट सैल पडू शकतो. अशा ठिकाणी भिंतीला हात न लावता दोन लोखंडी अँगल जमिनीत काँक्रीटमध्ये उभे करावेत आणि मशीन त्यांच्यावर बसवावं. पत्र्याच्या शेडच्या पातळ पाइपला किंवा पत्र्याला मशीन कधीच टांगू नये.

प्रत्येक मशीन टांगण्यासाठी बनवलेलं नसतं. पंपात तेल असलेली मशीन आडवी, लेव्हलमध्येच राहावी लागतात. कंपनीचं भिंतीवरचं ब्रॅकेट नसेल तर अँगलचं मजबूत फडताळ करून मशीन त्यावर ठेवणं बरं. खाली रबराचे तुकडे घातले की थरथर भिंतीत जात नाही. मशीनच्या चारही बाजूंना हवा खेळायला जागा सोडावी. बंद कपाटात मोटर तापते.

उंची साडेतीन ते चार फूट ठेवावी. पाइप गुंडाळायला वाकावं लागत नाही आणि बटण डोळ्यासमोर राहतं. मशीनसोबतचा पाइप आखूड असतो. गाडीच्या चारही बाजूंना फिरायचं तर १५ मीटरचा, त्याच दाबाचा पाइप घ्यावा. लांबी वाढवायची ती पाण्याच्या पाइपची, विजेच्या वायरीची नव्हे.

वीज आणि अर्थिंग

ओली फरशी, अनवाणी पाय आणि हातात पाण्याची बंदूक, अशा कामात वायरिंगची कसर परवडत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

१,८०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्यासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी हवा. शेड घरापासून ३० मीटरपेक्षा लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकावी. घरातल्या पंख्या-टीव्हीच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढणं धोक्याचं आहे. गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर तापून वितळू शकते.

या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं सर्वांत महत्त्वाचं. वायरमन त्यालाच कधी ईएलसीबी म्हणतात. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. अंगातून करंट जाऊ लागला तर तो ओळखून लाइन तोडतो तो आरसीसीबी. त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. लाइन पडली नाही तर आरसीसीबी बदलावा.

अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असेल तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, माती कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं. पावसाळ्यात चाचणीत पास झालेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी असू शकतं. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावं आणि वायरमनकडून मोजून घ्यावं. पत्र्याच्या शेडचे लोखंडी खांबही अर्थिंगला जोडावेत. वायर कुठं सोलून पत्र्याला लागली तर अख्खं शेड करंट मारतं.

सॉकेट मशीनच्या खाली नको. धारेच्या टप्प्याबाहेर, पाच फुटांवर, झाकणाच्या डब्यात असावं. प्लग ओल्या हातानं काढू नये.

कमी व्होल्टेज हीही आपल्याकडची नेहमीची अडचण. मोटरपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज उतरतं. २०० च्या खाली गेलं तर इंडक्शन मोटर जास्त करंट ओढून तापते. तेव्हा मशीन बंदच ठेवावं. शेतीपंपाच्या लाइनवरून आकडा किंवा जुगाड करून हे मशीन चालवू नये. लोड वाढवायचा असेल तर कर्नाटकात जेस्कॉमकडं, महाराष्ट्रात महावितरणकडं रीतसर अर्ज करता येतो.

पेट्रोल इंजिनचं मशीन असेल तर ते बंद शेडमध्ये अजिबात चालवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू वासही येऊ न देता माणसाला बेशुद्ध करतो.

पाणी जाणार कुठं?

फरशीला आठ फुटाला एक इंच उतार द्यावा. सांडपाणी रस्त्यावर सोडलं की शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. उताराच्या शेवटी गाळ बसायला एक लहान हौद आणि पुढं शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी हे गाव शोषखड्ड्यांमुळंच चर्चेत आलं. पण काळी माती पाणी लवकर पीत नाही. खड्डा मुरूम लागेपर्यंत नेला तरच तो चालतो. इंजिनाचं तेल, ग्रीस आधी चिंध्यांनी पुसून घ्यावं. ते खड्ड्यात गेलं की खड्डा तुंबतो आणि जवळच्या बोअरचं पाणी खराब होतं.

शेडमध्ये शहाबादी फरशी असेल तर बारीक धार सांध्यांवर मारू नये, सिमेंट निघून येतं. ओली शहाबादी घसरडीही होते. रबरी बूट घालूनच काम करावं.

वापरताना

घरच्या गाडीला १०० ते १२० बार भरपूर झाले. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. जाहिरातीत लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा कमाल दाब, प्रत्यक्ष कामाचा दाब त्याहून कमी असतो. रंगीत नोझल मिळाली असतील तर गाडीला पांढरं (४० अंश) किंवा हिरवं (२५ अंश) लावावं. लाल म्हणजे शून्य अंश, एकाच जागी घुसणारी धार. ते रंग आणि टायर दोन्ही फाडतं. पत्र्यापासून किमान एक फूट अंतर ठेवावं. रेडिएटरच्या जाळ्या, ट्रॅक्टरचा डायनॅमो, बेअरिंग, वायरिंगचे जोड आणि इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंगचं तोंड, इथं थेट धार मारू नये.

बंदूक माणसाकडं, जनावराकडं कधीच धरू नये. बैल, म्हशी या धारेनं धुऊ नयेत. धार कातडीत घुसली तर बाहेरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, पण आत पाणी आणि घाण पसरते, बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. रक्त आलं नाही म्हणून हळद लावून घरी बसू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'प्रेशर मशीनची धार घुसली' हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

काम झालं की क्रम हा ठेवा : आधी मशीनचं बटण बंद, मग नळ बंद, मग घोडा दाबून पाइपातला दाब सोडायचा, शेवटी प्लग काढायचा. घोडा सोडल्यावर मोटर आपोआप थांबणारं मशीन नसेल तर ते दोन मिनिटांपेक्षा जास्त रिकामं फिरू देऊ नये, पंपातलं पाणी तापतं. फिल्टरची जाळी दर वेळी धुवावी. मशीन महिनोन्‌महिने पडून राहिलं की सील चिकटतात, म्हणून महिन्यातून एकदा तरी पाच मिनिटं चालवावं. त्याच दिवशी आरसीसीबीचं बटणही दाबून बघावं.