अडीचकीचें मर्म

आमच्या लहानपणीं दिवेलागण झाली म्हणजे देवाला नमस्कार करून परवचा म्हणावयास बसण्याचा घरांत परिपाठ होता. आजोबा ओसरीवर भिंतीला टेकून बसत, आणि तिसांपर्यंतचे पाढे संपले कीं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हीं आम्हां भावंडांकडून एका सुरांत म्हणवून घेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन ह्यांचे हे पाढे. कोठें अडखळलें तर पुनः पहिल्यापासून आरंभ करावा लागे; परंतु हे पाढे कशासाठीं, असा प्रश्न आम्हांपैकीं कोणी विचारल्याचें स्मरत नाहीं. ही हकीकत १९७८ च्या सुमाराची. त्यापूर्वीं एकवीस वर्षें, म्हणजे १९५७ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस, सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर पैशांचा रुपया आला होता. आणि पुढील पांच वर्षांत मण व शेर ह्यांची जागा क्विंटल व किलो ह्यांनीं घेतली होती. ज्या व्यवहारासाठीं हे पाढे जन्मास आले, तो व्यवहार आमच्या जन्मापूर्वींच उठून गेला होता, आणि आम्ही मात्र त्याचीं सूत्रें निष्ठेनें घोकीत होतों.

ह्या गोष्टीची आठवण होण्यास निराळेंच निमित्त झालें. गेल्या वर्षीं आमच्या इतिहासाच्या तासास एक विद्यार्थी उभा राहिला. हा मुलगा पहाटे वडिलांबरोबर बाजारआवारांत जाऊन भाजी खरेदी करतो, सकाळभर गाडीवर विक्री करतो, आणि मग कॉलेजांत येतो. त्यानें नम्रपणेंच विचारलें, “सर, हें सगळें शिकून आम्हांला पुढें काय उपयोग?” इतिहासानें दृष्टि विशाल होते, मनुष्य बहुश्रुत होतो, इत्यादि जें उत्तर आम्ही तीस वर्षें देत आलों, तेंच आम्हीं दिलें. मुलांनीं तें सभ्यपणें ऐकून घेतलें. परंतु त्या दिवशीं आमचें उत्तर आमचें आम्हांसच पोकळ वाटलें; आणि शाळेंतील विद्येचा संसाराशीं संबंध कसा असावा, ह्या जुन्या वादाचा आपल्याच प्रांतांतील इतिहास पुनः एकदां तपासून पाहावा, असें मनांत आलें.

ह्या विषयीं एक समज सर्वत्र आढळतो. जुन्या पंतोजींची शाळा म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, आणि शिक्षणाची जीवनाशीं सांगड घालणें हा नव्या काळाचा शोध, असा तो समज होय. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. देवळाच्या ओवरींत किंवा कोणाच्या पडवींत भरणाऱ्या त्या शाळेंत मुळाक्षरें, उजळणी, मोडीचें वळण आणि हिशेब एवढेंच शिकवीत. इतिहास, भूगोल वा सृष्टिज्ञान ह्यांना तेथें थारा नव्हता. मूल धुळपाटीवर बोट फिरवून जें शिके, तें उद्यां वहीवर लिहावयाचेंच असे. ह्या दृष्टीनें पाहतां, तिच्याइतकी व्यवहाराला चिकटलेली शाळा आपल्याकडे त्यानंतर क्वचितच झाली असेल.

अडीचकीचेंच उदाहरण घ्या. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया. एखाद्या जिनसाचा दर शेरास सहा आणे असेल, तर मणास किती? चाळीसांस सहांनीं गुणून सोळांनीं भागण्याचें कांहींच कारण नाहीं. चाळिसांत सोळा अडीच वेळां जातात. म्हणून शेरास जितके आणे, मणास तितके अडीच रुपये. सहा अडीचे पंधरा, संपला हिशेब. किरकोळ आणि घाऊक अशा दोन बाजारांमधला हा पूल, आणि तो ज्याच्या जिभेवर आहे त्याला कागद नको कीं लेखणी नको. सवायकी व दिडकी ह्यांची गोष्ट अशीच. मोजमापेंही अर्ध्यापावानेंच चालत: दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. लिहितांना पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाउणेला तीन. भाव, माप, लेखन आणि पाढा हीं चारही अशीं एकमेकांत गुंफलेलीं होतीं.

मग ह्या शाळेंत उणें काय होतें? आमच्या मतें दोन गोष्टींचें. पहिलें उणें असें कीं, मुलास अडीचकी मिळे, पण अडीचकीचें मर्म मिळत नसे. चाळीस आणि सोळा ह्यांचा संबंध सांगितला असता, तर रुपया वा मण बदलल्यावर त्याच मुलानें नवा पाढा स्वतः रचिला असता. तें मर्म न सांगितल्यामुळें बाजार बदलतांच पाढा निर्जीव झाला, आणि ओसरीवर केवळ त्याचा सूर उरला. जें आज व्यवहारोपयोगी म्हणून शिकवावें, तें व्यवहार पालटतांच कर्मकांड बनतें, हा धडा विसरतां कामा नये.

दुसरें उणें ह्याहून गंभीर आहे. ही शाळा जीवनाशीं निगडित होती खरी. पण कोणाच्या जीवनाशीं? ती कुळकर्ण्याच्या, कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या मुलांची होती. कीर्दखतावणीच्या ज्या बाजूस लिहिणारा बसे, त्या बाजूचें तिला ज्ञान होतें. जो समोर उकिडवा बसून अंगठा उठवी, त्याच्या मुलास ती क्वचितच दिसे, आणि मुलींस व अस्पृश्य मानलेल्यांस तर तिचें दार बहुतेक बंदच होतें. वास्तविक हिशेबाची गरज शेतकऱ्यास सावकाराहून कमी नव्हती; उलट अधिक होती, कारण चुकीचा भार त्याच्याच माथीं येई.

ह्या अज्ञानाची किंमत किती पडली, तें १८७५ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांवर उठले, आणि तें लोण पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील अनेक गांवांत पोहोंचलें. ह्या दंग्यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, लोकांचा रोख मुख्यतः माणसांच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. खतें, रोखे व हुकूमनामे हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यांत आली. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं, पण जो आपली जमीन खाऊन टाकतो, त्याचें दुसरें काय करावें? सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु त्या कागदावर काय लिहिलें आहे हें शेतकऱ्याच्या मुलास कोण शिकविणार, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडण्याचें श्रेय जोतीराव फुले ह्यांस आहे. १८८२ सालीं हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षणमंडळापुढें त्यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांतील प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाची यादी आजही मननीय आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब हे त्यांत प्रथम आहेत. मोडी कां, हें सुप्यानंतर सांगावयास नको; खतें मोडींतच असत. शेतीचें प्राथमिक ज्ञान आहे, आणि तें पुस्तकांतच राहूं नये म्हणून शाळेला जोडून नमुन्याचें लहानसें शेत असावें, अशी सूचना आहे. आरोग्याचे व नीतीचे धडे आहेत. येथपर्यंत कोणीही व्यवहारवादी मान डोलावील. पण त्याच यादींत सामान्य इतिहास, सामान्य भूगोल आणि व्याकरण हींही आहेत! खेड्यांतील शाळेंत विषय थोडे असले तरी चालतील, असें त्यांनीं मान्य केलें. परंतु शेतकऱ्याच्या मुलाला नांगरापुरतेंच ज्ञान पुरे, असें मात्र म्हटलें नाहीं. ज्यानें स्वतः बालपणीं शाळा सोडून मळ्यांत काम केलें आणि पुनः शाळेंत येऊन विद्या संपादिली, त्याला ह्या दोहोंमधील अंतर पक्कें ठाऊक होतें.

हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षण जीवनाशीं जोडावें ह्या एकाच वाक्याचे दोन अर्थ होतात. एक असा कीं, मूल ज्या घरांत जन्मलें त्या घराच्या आयुष्यापुरतें त्याला शिकवावें. हा दावणीचा अर्थ. दुसरा असा कीं, मुलाच्या घरांत, शेतांत, बाजारांत जें आहे तेथून आरंभ करून त्याला दूरवर न्यावें. हा वाटेचा अर्थ. शब्द तेच, पण एक बांधून ठेवतो आणि दुसरा चालवितो.

१९३७ सालीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेंतून, आणि मागाहून डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीच्या वृत्तांतांतून, जी मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली तिचें भवितव्य ह्याच भेदावर ठरलें. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि सूतकताईसारख्या एखाद्या उत्पादक उद्योगाभोंवतीं सर्व विषय गुंफलेले, अशी ती योजना. तिचा हेतु वाटेचा होता ह्यांत शंका नाहीं: टकळीवरच्या सुतापासून गणित निघावें, कापसापासून भूगोल निघावा, कापडाच्या व्यापारापासून इतिहास निघावा. परंतु असें शिकविण्यास त्या उद्योगाइतकाच त्या विषयांत मुरलेला शिक्षक लागतो. तो जेथें नव्हता तेथें सूत उरलें आणि भूगोल गेला. शिवाय कष्टकरी आईबापांच्या मनांत एक साधी शंका होती: शहरांतलीं मुलें इंग्रजी शिकून साहेब होणार, आणि आमच्यांनीं मात्र शाळेंतही हातच चालवावयाचे काय? ही शंका अडाणीपणाची म्हणून उडवून देणें सोपें आहे. पण जे पिढ्यान्‌पिढ्या दावणीला बांधले गेले, त्यांस नवी दोरी पाहून भय वाटलें, तर दोष कोणाचा?

अलीकडे ह्या वादावर अनपेक्षित प्रकाश पडला आहे. १९८५ सालीं ब्राझीलमधील रेसिफे शहरांतल्या रस्त्यावर नारळ, फळें वगैरे विकणाऱ्या पांच मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विक्री करतांना विचारलेल्या हिशेबांपैकीं शेंकडा ९८ हिशेब ह्या मुलांनीं तोंडींच बरोबर केले. तीच उदाहरणें नुसत्या आंकड्यांत घातलीं, तेव्हां शेंकडा ३७ च बरोबर आलीं. २०२५ सालीं अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी ह्यांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांतल्या मुलांविषयीं असेंच अनुमान प्रसिद्ध केलें. आणि त्याची दुसरी बाजूही दाखविली कीं, जीं मुलें शाळेंतील गणित सोडवितात तीं बाजारांतील हिशेबांत अडखळतात. ह्याचा अर्थ काय? पूल कोणत्याच बाजूनें आपोआप बांधला जात नाहीं. मुलास बाजारांत नेलें म्हणून त्याला गणित येत नाहीं, आणि गणित शिकविलें म्हणून त्याला बाजार येत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार ह्यांच्या सहवासांत घालवावे असें सुचविलें आहे. सूचना उत्तम आहे. पण अकराव्या दिवशीं वर्गांत परतल्यावर कुंभाराच्या चाकाचा वर्तुळाशीं संबंध कोणी दाखविला नाहीं, तर ते दहा दिवस सहलीचेच ठरतील. हा संबंध दाखविणें हेंच शिक्षकाचें काम आहे. तें विषयही करणार नाहीं आणि सहलही करणार नाहीं.

हा विचार होतां होतां आमच्या विद्यार्थ्यास आमच्याकडून उत्तर येणें आहे, ह्याची टोंचणी लागली. पुढील तासास आम्ही व्याख्यान बाजूस ठेवून फळ्यावर एक हिशेब मांडला. पन्नास रुपयांचें खत. व्याज दरमहा दरशेंकडा दोन रुपये. वर्षअखेर व्याज न फिटल्यास तें मुद्दलांत मिळवून नवें खत लिहावयाचें. तीन वर्षांनीं देणें किती? वर्गांतील हुशार मुलें वह्या उघडूं लागलीं. भाजीवाल्याचा मुलगा क्षणभर खिडकीबाहेर पाहून म्हणाला, “पहिल्या वर्षीं बासष्ट... मग सत्याहत्तरला जरा कमी... पंचाण्णवच्या वर जातील, सर.” उत्तर बरोबर होतें. मग आम्हीं त्यास सुप्याची हकीकत सांगितली. वर्ग स्तब्ध झाला. थोड्या वेळानें त्यानेंच विचारलें, “पण सर, ज्याला हें करतां येत होतें असा एकही माणूस गांवांत त्यांच्या बाजूचा नव्हता?”

उपयोग काय, ह्या पहिल्या प्रश्नापासून हा दुसरा प्रश्न किती दूर आहे तें वाचकांनींच पाहावें. तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो त्याच्या गाडीवरून निघाला आहे. आमचे आजोबा आज असते, तर त्यांच्याजवळ बसून आम्हीं अडीचकीचें कारण विचारलें असतें. त्यांना तें खचित ठाऊक असलें पाहिजे. त्यांनीं मणशेराचा बाजार डोळ्यांनीं पाहिला होता. त्यांनीं सांगितलें नाहीं, कारण आम्हीं विचारलें नाहीं. आणि आम्हीं विचारलें नाहीं, कारण विचारावयाचें असतें हें आम्हांस कोणी शिकविलें नव्हतें. आमच्या विद्यार्थ्यानें तें विचारलें, ह्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोंत.