डॉक्टरांच्या बॅगेतून बाईच्या हातात

लेकरू किरकिर करायला लागलं की आपल्या जासईत आई असो की आजी, आधी त्याच्या कपाळाला हात लावते. "कसर वाटते गं," म्हणते. हा हात मायेचा, पण चुलीपुढून उठलेल्या हाताला तापलेलं अंगही साधं वाटतं, आणि गार पाण्यात भांडी घासून आलेल्या हाताला साधं अंगही कढत लागतं. म्हणून ताप मोजायचा तो थर्मामीटरने. हा थर्मामीटर आपल्या हातात कसा आला, ते आज सांगते.

पाऱ्याचा थर्मामीटर फॅरनहाइट यांनी १७१४ मध्ये बनवला. आपण ताप अजून त्यांच्याच अंशांत सांगतो. पण पुढची दीडशे वर्षं दवाखान्यात तो क्वचितच दिसे. फूटभर लांब नळी, आणि ताप कळायला वीस मिनिटं! १८६६-६७च्या सुमारास इंग्लंडचे डॉक्टर ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप दाखवणारा थर्मामीटर तयार केला. १८६८ मध्ये जर्मनीच्या डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रोग्यांच्या नोंदींवरून दाखवलं, की ताप हा स्वतः रोग नाही, तर रोगाची खूण आहे.

तरी ही कांडी राहिली डॉक्टरांच्या बॅगेत. ती खेड्यातल्या बाईच्या हाती देण्याचं मोठं काम आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत झालं. तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आहे. १९९३ ते ९५च्या काळात तिथल्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांतच जात. बाळंतपणं घरी, दवाखाना लांब. संस्थेने ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, काखेत थर्मामीटर लावत. जंतुसंसर्ग दिसला तर औषधही देत. तिसऱ्या वर्षी हजारामागे ६२चे २५च्या आसपास झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

या कामात थर्मामीटर का लागला? नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही. ते गार पडलं तर रडतही नाही, गप्प पडून राहतं. घरच्यांना वाटतं, शहाणं आहे, झोपलंय. तान्ह्या बाळाला तापाइतकाच गारठाही घातक.

२०११ पासून आशाताई देशभर नवजात बाळांना घरी येऊन पाहतात. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, घड्याळ आणि थर्मामीटर असतो. ताई आली की लावायला शिकून घ्या. काख कोरडी पुसा, टोक काखेच्या मधोमध कातडीला टेकवा, हात अंगाशी धरा, 'टीं' वाजेपर्यंत थांबा. बाळाचं ९७.७ ते ९९.५ ठीक. त्याहून कमी भरलं तर बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या, अंगावर पाजा, आणि पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप भरला, गार बाळ ऊब देऊनही गारच राहिलं, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. दवाखाना गाठा, आणि आकडा किती वाजता किती होता, ते डॉक्टरांना सांगा.