संगणकाचे सांधे

नवा संगणक तयार घ्यावा कीं सुटे भाग निवडून जोडवून घ्यावा, या प्रश्नाचा आज सुशिक्षित घरांतून जितका खल होतो, तितका पूर्वीं एखाद्या स्थळाचाही होत नसावा. नागपुरांतील रामदासपेठ ही डॉक्टरांची व रुग्णालयांची वस्ती म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तेथेंही मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास गेला, किंवा मुलीनें चलच्चित्रांच्या संकलनाचें काम हातीं घेतलें, म्हणजे जेवणाच्या टेबलावर दुकानदाराचें कोटेशन येऊन पडतें. त्यांत प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, एसएमपीएस चौथीचा, आणि या सर्वांना पोटांत घेणारें कॅबिनेट पांचवीचें. वडील शेवटचा आंकडा पाहतात, मुलगा जुळणी पाहतो, आणि आई विचारते कीं, हें बंद पडलें तर दाद कोणाकडे मागावयाची? तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. पत्रिकेंत छत्तीसांपैकीं अठरा गुण जुळले तरी कार्य उरकतां येतें. येथें एक गुण कमी पडला तर यंत्र डोळाच उघडीत नाहीं.

परंतु या तिन्ही प्रश्नांच्या मागें एक चौथा प्रश्न आहे, आणि तो इतिहासाचा आहे. निरनिराळ्या देशांत, परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांत घडलेले हे भाग एकमेकांत बसतातच कां? सृष्टिनियमानें ही गोष्ट घडत नाहीं. प्रत्येक सांध्यामागें कोणाचा तरी करार असतो; तो कोणी केला, कोणी मोडूं पाहिला आणि कोणी राखला, हें समजल्यावांचून कोटेशनांतील एकही ओळ खऱ्या अर्थानें वाचतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

न जुळणाऱ्या सांध्याची किंमत नागपूरकरांनीं फार पूर्वीं मोजलेली आहे. सन १८६७ मध्यें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा साडेपांच फूट रुंदीचा मार्ग मुंबईहून नागपुरास येऊन पोहोंचला. पुढें छत्तीसगडाकडे जो मार्ग निघाला तो मात्र काटकसरीस्तव मीटर रुंदीचा घातला गेला. दोन्ही मार्ग आपापल्या जागीं निर्दोष होते; अडचण एवढीच कीं, एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चढत नसे. छत्तीसगडचें धान्य नागपुरास उतरवावें आणि पुन्हां दुसऱ्या गाडींत भरावें, हा व्याप सन १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो मार्ग रुंद केला तेव्हां सरला. इतवारीहून छिंदवाड्यास जाणारी अडीच फुटी गाडी तर सन २०१५ पर्यंत धांवत होती. रुळांच्या रुंदीचा वाद सरकारच्या सत्तेनें मिटवितां आला. संगणकाच्या बाबतींत तशी सत्ता कोणाच्याच हातीं नव्हती, म्हणूनच ती कथा अधिक वांकडीतिकडी आहे.

आरंभींच्या काळांत संगणक एकाच घराण्याचा असे. यंत्र, त्याचे भाग, त्याची दुरुस्ती, सर्व एका कंपनीचें. आपल्या देशांत आयबीएम ही कंपनी जुनीं यंत्रें नीट करून भाड्यानें देत असे, आणि परकीय चलनाच्या कायद्यावरून सरकारशीं वाद झाल्यावर सन १९७८ मध्यें ती येथून निघून गेली. भाडेकरूला घराच्या भिंती हलविण्याचा अधिकार जितका, तितकाच त्या काळच्या ग्राहकाला यंत्राच्या भागांवर होता.

हा व्यवहार ज्या कंपनीनें रूढ केला, तिनेंच तो न कळत मोडला. सन १९८० मध्यें लहान संगणकांचा बाजार आपल्या हातून निसटत आहे असें आयबीएमला दिसलें, आणि तिनें फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथें डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालीं एक छोटी तुकडी या कामास लाविली. मुदत सुमारें एका वर्षाची. इतक्या थोड्या वेळांत सर्व भाग घरीं घडविणें अशक्य, म्हणून तुकडीनें बाजारचा माल उचलला : प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि फ्लॉपी चालविण्याचें यंत्र टंडन कंपनीचें, जिचे संस्थापक भारतांत जन्मलेले होते. पुढें इतरांनाही आपलीं कार्डें बसवितां यावीं म्हणून पांच मोकळे स्लॉट ठेवले, आणि विद्युन्मार्गांचे नकाशे पुस्तकांत छापून टाकले. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं हें यंत्र जाहीर झालें. घाईनें केलेलें काम म्हणून त्या वेळीं कोणी नाकें मुरडलीं असतील. पण घाईंतून जें औदार्य निपजलें तें शांतपणें विचार केला असता तर निपजलें नसतें, असें आमचें मत आहे.

एकच गोष्ट कंपनीनें आपली म्हणून राखली होती. यंत्र सुरू होतांच जी प्रथम जागी होते आणि इतर भागांची ओळखपाळख करून घेते ती बायॉस नांवाची लहानशी आज्ञावली. तिचाही पाठ पुस्तकांत छापलेला होता, परंतु त्यावर लेखनहक्क होता. नक्कल केली कीं खटला. येथें कॉम्पॅक कंपनीनें जी युक्ति केली ती वकिलांनाही विचार करावयास लावील. एका गटानें ती आज्ञावली तपासून तिच्याकडून कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर मिळतें एवढेंच टिपून ठेवावें, आणि ज्यांनीं तो पाठ कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं अशा दुसऱ्या गटानें त्या टिपणावरून नवी आज्ञावली लिहावी. अर्थ तोच, शब्द सर्वस्वीं नवे. सन १९८२ च्या नोव्हेंबरांत कॉम्पॅकचें यंत्र जाहीर झालें. आणि सन १९८४ मध्यें फीनिक्स कंपनीनें अशाच रीतीनें तयार केलेलें बायॉस मागेल त्यास विकण्यास आरंभ केला, तेव्हां तर कोणत्याही कारखानदारास सुसंगत यंत्र काढण्यास मोकळीक झाली.

आयबीएमनें दार पुन्हां लावून घेण्याचा प्रयत्न केला नाहीं असें नाहीं. सन १९८७ मध्यें तिनें पीएस/२ नांवाचीं नवीं यंत्रें काढलीं. त्यांतील स्लॉट गुणानें सरस होता, परंतु त्यांत जुनें कार्ड बसत नसे आणि तो वापरण्यास इतरांनीं कंपनीस पैसे भरावयाचे होते. सन १९८८ मध्यें कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनीं एकत्र येऊन, जुनीं कार्डें स्वीकारणारा आपला निराळा स्लॉट पुढें केला. तोही फारसा चालला नाहीं, ही गोष्ट निराळी. परंतु सांध्यावर एकाची मालकी नसावी हा मुद्दा त्यांनीं जिंकला.

भारतांत या मोकळिकीचा लाभ पोहोंचला तो सन १९८४ च्या नोव्हेंबरांतील नव्या संगणक-धोरणानंतर. भागांची आयात सोपी झाली, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता व दिल्लीचें नेहरू प्लेस हीं या मालाचीं मोठीं ठाणीं बनलीं. पुढें सन १९९७ मध्यें भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झाला, आणि सन २००५ पर्यंत बहुतेक भागांवरील जकात उतरत उतरत शून्यावर आली. ‘असेंबल केलेला’ हा शब्द मराठी घरांत रूढ झाला तो याच वीस वर्षांत.

त्या काळचा जोडणारा कारागीर ज्या विद्येवर जगत होता, ती बहुतांशीं कोठें लिहिलेली नव्हती. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणारे दोन जोड हुबेहूब सारखे असत. ते उलटसुलट लागले तर मदरबोर्ड जळून जाई. त्यावर नियम एकच : दोन्ही जोडांतील काळ्या तारा मध्यभागीं शेजारीं शेजारीं आल्या पाहिजेत. रॅमच्या पट्ट्यांचें गणित निराळें. तीस टोंकांची पट्टी एका वेळीं आठच बिट देई आणि ४८६ प्रोसेसर बत्तीस मागे, म्हणून पट्ट्या चारांच्या पटींतच घालाव्या लागत. तीन घालून चौथी पुढच्या पगाराला, ही सोय नव्हती. सर्वांत चिवट भांडण असे तें ‘इंटरप्ट’च्या क्रमांकांचें. आवाजाचें कार्ड आणि छपाईयंत्राचा जोड दोघेही सातव्या क्रमांकावर हक्क सांगत, आणि मग कार्डावरील चिमुकली टोपी काढून दुसऱ्या टोंकांवर बसवावी तेव्हां घरांत शांतता नांदे. सन १९९५ मध्यें इंटेलनें एटीएक्स हा मांडणीचा नमुना पुढें केला, त्यांत विजेचा मुख्य जोड एकच आणि एकाच बाजूनें बसेल असा केला. लाखो मदरबोर्ड वांचले. काळ्या तारांचा मंत्र मात्र निरुपयोगी झाला.

मराठी वाचकास याहून जवळची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. आयबीएमच्या यंत्राला देवनागरी येत नव्हती. ती आली ती स्लॉटमधून! कानपूरच्या आयआयटींत भारतीय लिप्यांवर जें संशोधन झालें, त्यांतून मोहन तांबे प्रभृतींच्या श्रमानें जिस्ट ही पद्धति सिद्ध झाली, आणि सन १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें ती कार्डाच्या रूपानें बाजारांत आणली. मोकळ्या स्लॉटांत तें कार्ड खोंचलें कीं, इंग्रजीसाठीं लिहिलेल्या आज्ञावलींतूनही पडद्यावर मराठी उमटे. स्लॉट बंद असता, तर आपल्या लिपीसाठीं परदेशी कंपनीच्या कृपेची वाट पाहणें एवढेंच हातीं उरलें असतें.

त्याच सी-डॅकनें सन १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक उभा केला, तोही जुळणीच्याच कलेनें. संस्थेचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, आणि त्यांची अभियांत्रिकीची पदवी नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयाची. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता. एकच प्रचंड प्रोसेसर घडविण्याच्या भरीस न पडतां त्यांच्या चमूनें ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर निवडले. या प्रोसेसरांत शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं चार दुवे मुळांतच दिलेले असतात. प्रत्येक जण एकटा सामान्य, परंतु सांध्यांसाठींच जन्मलेला. निवड भागाच्या शक्तीपेक्षां त्याच्या सांध्यावरून करावी, याचें याहून मोठें उदाहरण महाराष्ट्रांत आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आजच्या कोटेशनाकडे वळूं. त्यांतील पहिली कसोटी प्रोसेसरच्या बैठकीची, म्हणजे सॉकेटची. एके काळीं ‘सॉकेट ७’ मध्यें इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर बसत. सन १९९७ मध्यें इंटेलनें आपली बैठक वेगळी केली, आणि सन १९९९ मध्यें एएमडीनें जी आपली काढली तिचा सांचा तोच, फक्त उलटा फिरविलेला. विजेच्या दृष्टीनें दोघींचा कांहीं संबंध नाहीं. तेव्हांपासून मदरबोर्ड घेणें म्हणजे एका घराण्याशीं सोयरीक करणें झालें आहे. आणि बैठक जुळली म्हणजे सर्व जुळलें असेंही नव्हे. सन २०१७ मध्यें इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, ते आदल्या मदरबोर्डांवरील ११५१ टोंकांच्या बैठकींत चपखल बसत, पण चालत नसत. एएमडीच्या एएम४ बैठकीनें पुष्कळ वर्षें इमान राखलें, तरी जुन्या मदरबोर्डांत नवा प्रोसेसर घालण्यापूर्वीं बायॉस अद्ययावत् करावें लागे. न केल्यास पडदा काळा. सन २०२२ मध्यें तिच्या जागीं आलेल्या एएम५ मध्यें डीडीआर५ रॅमच लागते. इंटेलच्या १७०० टोंकांच्या बैठकीसाठीं मात्र डीडीआर४ चे व डीडीआर५ चे असे दोन्ही तऱ्हांचे मदरबोर्ड निघाले. एकाची पट्टी दुसऱ्यांत बसत नाहीं, म्हणून कोटेशनांत नुसतें ‘१६ जीबी रॅम’ एवढेंच लिहिलेलें असेल तर दुकानदारास तेथेंच थांबवावें.

एसएमपीएसची शक्ति ग्राफिक्स कार्डाची भूक पाहून ठरवावी, आणि कार्डाची लांबी व प्रोसेसरवरील पंख्याची उंची कॅबिनेटच्या मापाशीं ताडून पाहावी. यांत गूढ कांहीं नाहीं. परंतु नागपुरांत एक भाग असा आहे कीं तो कोणत्याच कोटेशनांत नसतो, आणि तो म्हणजे मे महिना. पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं; खोली चाळिशीला पोहोंचली कीं त्याचा हिशेब तेथूनच पुढें सुरू होतो. उष्णतेनें यंत्रें कशीं फसतात हें सन २०२४ च्या मे अखेरीस साऱ्या देशानें वाचलें. शहरांतील दोन स्वयंचलित हवामान केंद्रांनीं ५४ व ५६ अंश असे आंकडे दिले, तर केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शेतांतील केंद्र ४४ अंश दाखवीत होतें. हवामानखात्यानें पुढें खुलासा केला कीं, त्या दोन केंद्रांच्या संवेदकांतच बिघाड होता. तेव्हां पंखा एक पायरी वरचा घ्यावा, कॅबिनेट हवा खेळती ठेवणारें पाहावें, आणि डेझर्ट कूलरचा दमट झोत त्यावर थेट येऊं देऊं नये.

राहतां राहिला रॅमचा सांधा. आजवर कुटुंबांनीं याच सांध्याचा सर्वांत शहाणपणानें उपयोग केला आहे : आज आठ जीबी घ्यावी, पैसे जमले कीं आणखी आठ. सन २०२५ च्या अखेरीस, मोठमोठ्या विदाकेंद्रांच्या मागणीमुळें रॅमच्या किंमती भडकल्या, तेव्हां ज्यांच्याकडे मोकळी खांच होती त्यांना वाट पाहणें तरी शक्य झालें. लॅपटॉपांतून ही खांच फार दिवसांपासून नाहींशी होत आहे. याच वर्षाच्या आरंभीं फ्रेमवर्क या कंपनीनें टेबलावर ठेवावयाचा एक छोटा संगणक जाहीर केला. या कंपनीची ख्यातिच मुळीं दुरुस्त करतां येण्याजोग्या यंत्रांची; तरीही त्यांतील रॅम मदरबोर्डावर डाख देऊन बसविलेली होती, कारण निवडलेला प्रोसेसर ज्या वेगानें रॅमशीं बोलूं पाहतो तो वेग खांचेंतून मिळेना. ग्राहकापुढें ३२, ६४ व १२८ जीबी असे तीन आंकडे ठेविले होते. त्यांतील एक खरेदीच्या दिवशींच कायमचा निवडावयाचा होता.