स्त्रियांची साक्ष आणि सरकारचा आयोग

जुन्नरहून पश्चिमेस निघालें म्हणजे सह्याद्रीच्या ऐन कड्यावर नाणेघाट लागतो. खालीं कोंकण, वर देश, आणि या दोहोंना जोडणारी ही सातवाहनांच्या काळची व्यापारी वाट. घाटाच्या माथ्याशीं खोदलेल्या लेण्यांत ब्राह्मी लिपींतला एक मोठा प्राकृत लेख आहे. सातकर्णि राजाची राणी नागनिका हिचा तो लेख, असें बहुतेक पंडित मानतात. अश्वमेधादि यज्ञ आणि त्या प्रसंगीं दान दिलेल्या गाई, घोडे, नाणीं यांची त्यांत मोजदाद आहे. आणि महिना-महिना उपवास करणाऱ्या, घरांत राहूनही तपस्विनीसारखें वागणाऱ्या एका स्त्रीचें वर्णनही आहे. इतक्या प्राचीन काळीं राजसत्तेच्या दप्तरीं एका स्त्रीची अशी नोंद राहावी, याचा जुन्नरकरांना अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु अभिमानाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न मनांत उभा राहतो. नागनिका राणी होती, म्हणून तिची हकीकत दगडावर कोरली गेली. त्याच घाटानें डोक्यावर ओझें घेऊन उतरणाऱ्या बाईचें म्हणणें कोणीं लिहून घेतलें? स्त्रियांच्या हक्कांसाठीं सरकारनें नेमलेल्या समित्यांचा आणि आयोगांचा इतिहास हा आमच्या मतें या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे. कोणता कायदा झाला हें महत्त्वाचें आहेच. पण तो करण्यापूर्वीं कोणाला विचारलें, आणि ऐकून घेतल्यावर सरकारनें काय केलें, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे.

सन १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचें वय १० वरून १२ वर्षें झालें. त्या वेळीं पुण्यामुंबईस जें वाग्युद्ध माजलें, त्यांत शास्त्री, वकील, संपादक आणि डॉक्टर यांचा आवाज मोठा होता. ज्यांच्या देहाचा तो प्रश्न, त्यांचा आवाज क्षीण होता. त्यापूर्वीं थोडीं वर्षें रखमाबाईंनीं न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत आपली बाजू निर्धारानें मांडली होती. पण तो अपवाद होता. सरकारनें आपण होऊन अनेक स्त्रियांना विचारावें, ही कल्पना अजून रुजलेली नव्हती.

ती रुजूं लागली १९२८ सालीं. त्या वर्षीं सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं संमतिवय समिति नेमली गेली. तिनें प्रश्नावली वाटल्या, प्रांतोप्रांतीं फिरून साक्षी घेतल्या; सभासदांत रामेश्वरी नेहरू होत्या, आणि साक्षीदारांतही स्त्रिया होत्या. याच्या आदल्याच वर्षीं, जानेवारी १९२७ मध्यें, पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें होतें. तेव्हां समितीपुढें बोलावयास संघटित स्त्रीमत तयार होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं. समितीनें १९२९ सालीं आपला अहवाल दिला. मुलीच्या लग्नाचें वय किमान १४ असावें अशी तिची शिफारस होती. त्याच वर्षीं शारदा कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला.

मात्र तो अमलांत येण्यापूर्वींच्या महिन्यांत देशांत ठिकठिकाणीं बालविवाहांची एकच घाई उडाली, आणि पुढेंही कायदा पुष्कळसा कागदावरच राहिला. यांतला बोध ध्यानांत घेण्यासारखा आहे. समिति साक्षी गोळा करते, अहवाल लिहिते आणि विसर्जित होते. तिच्यामागें त्या अहवालाची विचारपूस करणारें कोणी उरत नाहीं. साक्ष देणारी बाई आपल्या घरीं असते तेथेंच असते. तिच्या बोलण्याचें पुढें काय झालें, हें तिनें कोणाला विचारावें?

स्वातंत्र्यानंतर घटनेनें समतेचें आश्वासन दिलें, आणि तें पुरेसें आहे असें समाजाला बरींच वर्षें वाटत राहिलें. हा समज १९७१ सालीं नेमलेल्या समितीनें दूर केला. फुलरेणु गुहा या तिच्या अध्यक्षा आणि वीणा मजुमदार या सदस्य-सचिव होत्या. १९७४ अखेर पूर्ण झालेला तिचा अहवाल वाचून शिकलेलीं माणसें चकित झालीं. १९०१ सालीं देशांत हजार पुरुषांमागें ९७२ स्त्रिया होत्या; १९७१ सालीं ९३० उरल्या. शाळा वाढल्या, दवाखाने वाढले, मताचा हक्क मिळाला. आणि स्त्रियांची संख्या मात्र घटली. केंद्रांत आणि राज्यांत स्त्रियांसाठीं कायमचे आयोग असावेत, अशी या समितीची एक शिफारस होती. तात्पुरत्या समितीनें आपली उणीव स्वतःच ओळखली होती, असें या शिफारशीवरून दिसतें.

शिफारस आणि स्थापना यांच्या मधल्या काळांत आणखी एक आयोग झाला, त्याचा उल्लेख जुन्नर तालुक्याच्या संदर्भांत अवश्य केला पाहिजे. असंघटित क्षेत्रांत राबणाऱ्या स्त्रियांसाठीं इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें १९८८ सालीं ‘श्रमशक्ति’ नांवाचा अहवाल दिला. ज्यांना मालक नाहीं, हजेरीपट नाहीं, रजा नाहीं, अशा बायकांचें श्रम त्यानें प्रथम नीट मोजावयास घेतले. नारायणगांवच्या माणसाला हें वाचून विठाबाईंची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर या तमाशाच्या फडावर उभ्या असतांनाच त्यांना प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या. आडोशाला जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां रंगमंचावर आल्या, असें सांगतात. ही गोष्ट आपण कलानिष्ठेची म्हणून सांगतों. पण तिला दुसरी बाजू आहे. फड त्यांचाच; मग रजा कोणाकडे मागावयाची? खेळ बंद पडला तर फडांतल्या माणसांच्या भाकरीचें काय? राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला, तरी २००२ सालीं त्या निवर्तल्या तोंपर्यंतचीं अखेरचीं वर्षें विपन्नावस्थेतच गेलीं. ‘श्रमशक्ति’ ज्यांच्याविषयीं बोलत होती, त्यांतली ही एक बाई होती.

राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदा १९९० सालीं झाला आणि ३१ जानेवारी १९९२ रोजीं आयोग स्थापन झाला; जयंती पटनायक या त्याच्या पहिल्या अध्यक्षा. महाराष्ट्रानें फार विलंब लावला नाहीं. १९९३ च्या कायद्यानें २५ जानेवारी १९९३ पासून महाराष्ट्र राज्य महिला आयोग अस्तित्वांत आला. पुढच्याच वर्षीं, २२ जून १९९४ रोजीं, राज्याचें महिला धोरण जाहीर झालें, आणि वडिलोपार्जित मिळकतींत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क देणारी सुधारणाही त्याच वेळीं झाली.

आयोगाची सत्ता किती, याविषयीं लोकांत पुष्कळ गैरसमज असतो. आयोग कोणाला शिक्षा देऊं शकत नाहीं. तें न्यायालयाचें काम. चौकशीपुरते मात्र त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: तो माणसाला हजर राहावयास लावूं शकतो, शपथेवर साक्ष घेऊं शकतो, कागदपत्र मागवूं शकतो. आणि राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यांत आणखी एक कलम आहे, तें आम्हांला सर्वांत मोलाचें वाटतें. आयोगाचा अहवाल सरकारनें संसदेपुढें ठेवावयाचा आणि जी शिफारस मानली नसेल, ती कां मानली नाहीं याचीं कारणें द्यावयाचीं. म्हणजे सरकारला ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक आहे. गप्प बसण्याची नाहीं. १९२८ च्या समितीला हें बळ नव्हतें.

अर्थात् विचारणारी खुर्चीच रिकामी राहिली, तर हें सारें बळ व्यर्थ होय. महाराष्ट्रांत २००९ नंतर काहीं वर्षें आणि पुन्हां फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत आयोगाला अध्यक्षा नव्हत्या. हा दोष आयोगाचा नव्हे, नेमणूक करणारांचा आहे. पुढें आयोगानें जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन जनसुनावणी घेण्याचा ‘महिला आयोग आपल्या दारीं’ हा उपक्रम सुरू केला. आमच्या समजुतीप्रमाणें हाच त्याच्या कामाचा खरा मार्ग होय.

कारण मुंबईचें कचेरीचें दार पश्चिम आंबेगांवांतल्या बाईला फार दूर पडतें. घोड नदीवर डिंभें धरण झालें आणि ज्या गांवाचें नांव तालुक्याला आहे, तें आंबेगांवच पाण्याखालीं गेलें. त्या खोऱ्यांत मुख्यतः महादेव कोळी समाज राहतो, आणि जुन्नरच्या डोंगरपट्ट्यांतही तोच. आतां मुलींना समान वारसा देणारा हिंदु वारसा कायदा उघडून पाहावा. केंद्र सरकारनें अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाहीं, असें त्याच्या दुसऱ्याच कलमांत म्हटलें आहे. १९९४ ची राज्याची सुधारणा आणि २००५ ची केंद्राची सुधारणा, दोन्ही याच कायद्याच्या. म्हणून दोन्ही या डोंगराच्या पायथ्याशीं थांबल्या. संपादन झालेल्या जमिनीच्या मोबदल्यांत वाटा मागणाऱ्या एका आदिवासी मुलीचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां डिसेंबर २०२२ मध्यें न्यायालयानें तिचा दावा मान्य केला नाहीं. पण या वर्ज्यतेचा केंद्र सरकारनें फेरविचार करावा, असें सुचविलें. जुलै २०२५ मध्यें दुसऱ्या एका प्रकरणांत समतेच्या तत्त्वावर आदिवासी स्त्रीच्या वारसांना वाटा मिळाला. कलम मात्र त्या वेळींही जसेंच्या तसें राहिलें होतें.

वनहक्क कायद्यानें (२००६) वनजमिनीचा हक्क पतिपत्नींच्या जोडनांवानें देण्याचें ठरविलें, ही मोठी गोष्ट झाली. परंतु बापाच्या शेताचें काय, धरणांत गेलेल्या बापाच्या जमिनीचें काय, हे प्रश्न त्यानें सुटत नाहींत. कायद्यांतल्या उणिवा शोधून त्या दूर करण्याची शिफारस करणें, हें अशा आयोगांचें एक मुख्य कर्तव्यच आहे. तेव्हां आयोगानें घोडेगांवास आणि जुन्नरास बसून या बायकांना एवढेंच विचारावें: बाई, तुमच्या बापाची जमीन किती होती, आणि सातबाऱ्यावर आज नांव कोणाचें आहे? त्यांचीं उत्तरें लिहून घ्यावींत आणि सरकारकडे पाठवावींत. मग सरकारला कलम बदलावें लागेल, किंवा तें कां बदलत नाहीं याचें कारण लेखी द्यावें लागेल.