माणिकगड आणि लाकडी कोटाचा प्रश्न

पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्याबरोबर माणिकगडाचा वादही आमच्या पदरी आला. द्वारावरील नागशिल्प दाखवून कोणी तो माना जमातीच्या नागवंशी राजांचा म्हणतात, कोणी गोंड राजांचा. दोन्ही पक्ष साक्षीस उभा करतात तो दगडच. परंतु सागवानाच्या या अरण्यात पहिला कोट लाकडाचा असणे अशक्य नव्हे.

तटास लाकूड वापरू नये, त्यात अग्नी दडलेला असतो, असे कौटिल्याने बजावले. तरीही पाटलिपुत्राचा तट लाकडी होता, हे मेगॅस्थनीसने लिहिले व बुलंदीबागच्या उत्खननात ते प्रत्ययास आले.

डोंगरमाथ्यावर वाळवी लाकूड राखणार नाही. खांबाचा खळगा मात्र उरतो. त्यातील माती भोवतीच्या मातीहून भुसभुशीत व निराळ्या रंगाची असते. इनामगावची ताम्रपाषाणयुगीन घरे अशाच खळग्यांवरून ओळखली गेली. दगडी तटाच्या पायाखाली असे खळगे ओळीने आढळले, तरच लाकडी कोट म्हणावा. एखाददुसरा खळगा मांडवाचाही असेल. कोळसा मिळाल्यास कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरेल, वंश ठरणार नाही.

माना आणि गोंड आजही या मुलुखात नांदत आहेत. ज्यांना बखरकार लाभले नाहीत, त्यांचा वारसा घाईने एकाच्या नावे लिहिणे हा दुसऱ्यावर अन्याय होय. म्हणून निवाड्यापूर्वी कुदळ चालावी, तीही जाणत्या हातांनी, असे आम्हांस वाटते.