उच्चदाब तारमार्गांची विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे : जैव परिणाम व संरक्षण

उच्चदाबाने वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या सभोवती जी विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे उत्पन्न होतात, त्यांचे मनुष्य, पशू व वनस्पती यांवर होणारे परिणाम आणि त्यांपासून करावयाचे संरक्षण हा प्रारणाच्या जैव परिणामांच्या अभ्यासातील एक स्वतंत्र विभाग आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण यांच्याशी या क्षेत्रांची गल्लत करण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो, आणि खेड्यापाड्यांतून दिसणाऱ्या भीतीचे मूळ बहुतांशी याच गल्लतीत असते. रेणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढण्यास सुमारे 10 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. गॅमा किरणाच्या एकेका कणात तिच्या हजारो पट ऊर्जा असल्यामुळे तो पेशीतील डीएनएचा धागा तोडू शकतो, आणि म्हणूनच अणुऊर्जा नियामक परिषदेने किरणक्षेत्रातील कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट अशी मात्रेची मर्यादा घालून दिली आहे. उलटपक्षी, घरोघरी येणाऱ्या 50 हर्ट्‌झच्या विजेच्या क्षेत्रात कणागणिक ऊर्जा इतकी क्षुद्र असते की त्या मार्गाने रेणू तुटणे संभवत नाही. जो काही परिणाम व्हावयाचा तो शरीरात प्रवर्तनाने निर्माण होणाऱ्या विद्युत् क्षेत्राच्या आणि प्रवाहाच्या द्वारेच होऊ शकतो.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव अग्रभागी येते. मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या या गावाच्या परिसरात चंद्रपूरहून निघालेला, सुमारे 752 किलोमीटर लांबीचा आणि 1500 मेगावॉट क्षमतेचा ±500 किलोव्होल्टचा एकदिश तारमार्ग येऊन संपतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस राज्य वीज मंडळाने तो कार्यान्वित केला आणि 2005 साली मंडळाचे विभाजन झाल्यावर त्याचा ताबा महापारेषण कंपनीकडे आला. येथील परिवर्तक केंद्रात एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होऊन 400 किलोव्होल्टच्या तारांनी वीज पुढे मुंबईच्या बाजूस जाते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई महानगर अंधारात गेले, तेव्हा कळवा–पडघा तारमार्गांतील बिघाडाचा उल्लेख वृत्तपत्रांतून झाला व हे नाव शहरवासीयांच्या कानी पडले. परंतु ज्यांच्या भाताच्या खाचरांवरून या तारा वर्षानुवर्षे जात आहेत, त्यांना शहराच्या प्रकाशाची किंमत त्यापूर्वीच ठाऊक होती.

एकदिश तारेखालील क्षेत्र स्थिर असते. निरभ्र हवेत भूपृष्ठाजवळ निसर्गतःच मीटरला सुमारे 100 व्होल्ट इतके विद्युत् क्षेत्र असते. ±500 किलोव्होल्टच्या तारेखाली ते कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढते, आणि क्षेत्र पुरेसे तीव्र असल्यास अंगावरचे केस उभे राहिल्याचे जाणवते. तारेलगतची हवा विदारित होऊन आयन, किंचित ओझोन आणि चिरचिराट उत्पन्न होतो. चुंबकीय क्षेत्राविषयी हिशेब सोपा आहे : पूर्ण भाराच्या वेळी तारेतून सुमारे 1500 अँपिअर प्रवाह वाहत असता जमिनीवरील क्षेत्र पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राच्याच कोटीतले राहते, आणि दोन ध्रुवांच्या तारांतील प्रवाह परस्परविरुद्ध असल्याने ते आणखी घटते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात 1980 नंतरच्या दशकात याच दाबाच्या एकदिश तारेखाली गुरे पाळून व पिके घेऊन निरीक्षण करण्यात आले, त्यात अपायकारक परिणाम आढळला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 साली स्थिर क्षेत्रांना, पुराव्याअभावी वर्गीकरण करता येत नाही अशा गटात ठेवले.

प्रत्यावर्ती तारांचे क्षेत्र मात्र सेकंदाला पन्नास वेळा आंदोलित होत असल्यामुळे शरीरात प्रवाह प्रेरित करते. क्षेत्र अतिशय तीव्र असेल तर डोळ्यांपुढे क्षणिक प्रकाश चमकल्याचा भास होतो, आणि त्याहून तीव्र क्षेत्रात मज्जातंतू व स्नायू उद्दीपित होतात. अनायनकारी प्रारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2010 साली सर्वसाधारण जनतेकरिता मीटरला 5 किलोव्होल्ट आणि 200 मायक्रोटेस्ला ही जी मर्यादा सुचविली, ती याच तात्कालिक परिणामांवर आधारलेली आहे. दीर्घकालीन परिणामांचा वाद निराळा. अमेरिकेतील डेन्व्हर येथे वर्टहायमर व लीपर यांनी 1979 साली तारांजवळ राहणाऱ्या मुलांतील कर्करोगाविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून तो धगधगत आहे. 2000 साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले असता, ज्या घरांत सरासरी चुंबकीय क्षेत्र 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाहून अधिक होते तेथील बालकांत ल्युकेमियाचे म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. तथापि अशी घरे फार थोडी, आणि कारणपरंपरा कोणती हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. त्यामुळे या क्षेत्रांची गणना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात झाली आहे. संशय पुरता निमालेला नाही आणि गुन्हाही शाबीत झालेला नाही, अशी ही अवस्था असून, नव्या तारमार्गाची आखणी करताना वस्ती व शाळा यांपासून अंतर राखावे हा त्यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष होय.

पडघ्याच्या शिवारात वावरणाऱ्या इसमाला खरा धोका या सूक्ष्म क्षेत्रांपासून नसून तारेच्या सान्निध्यापासून आहे, हे येथे आग्रहाने नमूद केले पाहिजे. इतक्या उच्च दाबाची वीज मारण्यास स्पर्शाचीही अपेक्षा ठेवत नाही. पुरेसे जवळ गेल्यास हवेचे अंतर फोडून ती उडी घेते. भारतीय वीज नियम, 1956 यांनी 33 किलोव्होल्टच्या तारेसाठी 5.2 मीटर आणि पुढील प्रत्येक 33 किलोव्होल्टमागे किंवा त्याच्या अंशामागे 0.3 मीटर अशी जमिनीपासूनची किमान उंची ठरवली, त्या हिशेबाने 400 किलोव्होल्टची तार 8.8 मीटरच्या खाली येता कामा नये. परंतु हौदा वर उचललेला डंपर, क्रेन, विहिरीतून उभा उपसलेला लोखंडी पाइप किंवा पेंढ्याने शिगोशीग भरलेल्या ट्रकवर उभा राहिलेला माणूस या उंचीचा हिशेब बिघडवून टाकतो. भिवंडी तालुक्यात गोदामांची दाटी वाढत असता तारेखालच्या पट्ट्यात भराव टाकून जमीन उंचावणे हा तितकाच गंभीर प्रमाद आहे. तारमार्गाला समांतर ओढलेले काटेरी कुंपण, पत्र्याचे छप्पर आणि रबरी चाकांवर उभे असलेले वाहन यांत विद्युत् भार साठून स्पर्श करताच झटका बसतो. तो बहुधा प्राणघातक नसतो, पण शिडीवरच्या मनुष्याचा तोल घालविण्यास पुरतो. कुंपण ठराविक अंतरावर तोडून आणि छपरासह जमिनीशी भूसंपर्कित करून याचे निवारण होते.

तारमार्गाखालील जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते. 1885 च्या तार अधिनियमातील अधिकार वीज कायद्यान्वये प्राप्त झाल्यावर कंपनीस मनोरे उभारता येतात आणि नुकसानीचा मोबदला द्यावा लागतो. झाड लावणे व बांधकाम करणे यांवर मात्र पट्ट्यात बंधन येते. मोबदल्याची नोंद दप्तरात होते, तशीच तारेखाली व जवळच्या घरांत मोजलेल्या क्षेत्राची नोंद मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी, ही मागणी रास्त आहे. क्षेत्रमापकाने हे मोजमाप थोडक्या वेळात होते आणि अंक डोळ्यांसमोर आल्याखेरीज गल्लत मिटत नाही. हृदयाची गती सांभाळणारे यंत्र शरीरात बसविलेल्या व्यक्तीने परिवर्तक केंद्राच्या आवारात जाण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

केंद्राच्या आत संरक्षणाची तजवीज निराळी असते. परिवर्तकाचे थायरिस्टर ज्या दालनात असतात, त्याच्या भिंती रेडिओ-लहरी बाहेर पडू नयेत म्हणून धातूच्या पत्र्याने मढवलेल्या असतात आणि यंत्रणा चालू असता आत प्रवेश वर्ज्य असतो. उघड्या आवारात खडी पसरलेली असते, ती केवळ गवत वाढू नये म्हणून नव्हे. बिघाडाच्या क्षणी जमिनीत दोन पावलांमध्ये जो दाबफरक उत्पन्न होतो, त्याचा प्रवाह पायांतून जाऊ नये इतका रोध कोरडी खडी देते. चालू तारेवर हाताने काम करणारा तंत्रज्ञ धातूच्या धाग्यांनी विणलेला वाहक पोशाख घालतो, जेणेकरून क्षेत्र पोशाखावरच थोपवले जाऊन आतल्या शरीराभोवती दाबफरक उरत नाही. बंद केलेल्या तारेवर जाताना वायरमन आधी परमिट घेतो, आणि शेजारच्या चालू तारेमुळे तिच्यात दाब प्रेरित होत असल्याने कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावूनच हात घालतो. काम संपून माणसे खाली उतरल्याची खात्री झाल्याशिवाय हे रॉड काढले जात नाहीत.